उंबऱ्यावरचे दोन शब्द

१

राणी नव्हती.

राजा होता. त्याच्या खालच्या पायरीवर पेले धरलेल्या तिघी दासी होत्या, त्यांच्या खाली पाच वादक होते, दिवे होते, इवलीशी झाडं होती. लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर बाहुल्यांचा सगळा दरबार जिथल्या तिथे होता. फक्त सगळ्यात वर, राजाच्या शेजारी, कापडाचा एक तुकडा उघडा पडला होता. आणि मुलींचा, बाहुल्यांचा सण उद्यावर आला होता.

"रात्री दिवे मालवले तेव्हा मी स्वतः बघितलीय!" शोगो तात्सुमी तिसऱ्यांदा म्हणाला. 'शिराबे' या मोजक्या खोल्यांच्या हॉटेलचा तो मालक. एरवी त्याच्या कोटाला सुरकुती दिसायची नाही. आज बटणं वरखाली लागली होती. "पणजीच्या वेळची बाहुली, कुगा-सान! अशी आता कुणी बनवतही नाही. माणसं हिला बघायला म्हणून खोली घेतात!"

मोतोजी कुगा दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता. क्योतोच्या पोलिसात त्याची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यापासून त्याला एका जागी बसवेना. बसला तर गुडघा हलायचा, गुडघा दाबून धरला तर बोटं मोडायचा. राहायला याच गल्लीत, दोन घरं वर. यासाकाच्या चढावरून दिवसातून चार वेळा खालीवर करायचा आणि सकाळची कॉफी शिराबेत घ्यायचा. आज ती कॉफी निवून गेली होती.

"दारं?" त्याने विचारलं.

"पुढच्या जाळीच्या दाराला आतून अडसर होता. सकाळी मीच काढला. मागच्या दाराला कुलूप, त्याच्या दोनच किल्ल्या. एक माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

शोगोने स्वयंपाकघराकडे नुसतं पाहिलं. तिथे हातात भाताची पळी धरून चिनात्सु उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

या पोरीला इथे कामाला कुगानेच आणलं होतं. तिच्या बापाला, लोकांच्या घरात शिरून चोऱ्या करणाऱ्या माणसाला, बेड्यासुद्धा त्यानेच घातल्या होत्या. बाप गेला, पोर उघड्यावर पडली. तेव्हा कुगा शोगोला म्हणाला होता, हिची हमी माझी. वर्षभरात पोरीने एक चमचा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"शोगो," तो म्हणाला, "पोलिसांना बोलवू नकोस. आजचा दिवस दे मला."

"संध्याकाळपर्यंत. त्यानंतर मी कुणाचं ऐकणार नाही. आणि ही इथे राहणार नाही, हेही आत्ताच सांगतो."

२

पाहुणे दोनच होते. न्याहारीला दोघं समोरासमोर बसले होते.

नागोयाहून आलेले दोमोतो जुन्या वस्तूंचे व्यापारी. माणूस अंगाने भरलेला आणि आवाजाने त्याहून. "काल मी हात जोडून मागितली हो ती राजा-राणीची जोडी!" ते भाताचा घास घेता घेता गरजले. "यांनी ऐकून घेतलं नाही. आता बसा!"

शोगोची आई साए-बाई चहा ओतत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. "दोमोतो-सानांचा आवाज काय खणखणीत आहे," त्या गोड हसून म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला लाभ होतो."

"हे हे! आमच्या घराण्यातच आहे ते!" दोमोतो खूश होऊन आणखी मोठ्याने म्हणाले.

कुगाने हसू दाबलं. क्योतोचं माणूस 'गप बसा' असंच म्हणतं. ऐकणाऱ्याला कळलं तर कळलं. पण त्याच वेळी त्याला दिसलं की साए-बाई भरलेल्या पेल्यातच ओतत राहिल्यात आणि चहा बशीत सांडतोय. त्यांचं लक्ष असं कधी उडत नसे.

"तुमची बॅग बघायला मिळेल का?" त्याने दोमोतोंना विचारलं.

"म्हणजे मी चोर? बघा, बघा! सगळी उपसा!"

बॅग उघडली आणि खोलीभर आंबूस वास सुटला. सलगमाचं लोणचं, वांग्याचं लोणचं, काकडीचं लोणचं. कपडे नावाला, बाकी सगळी लोणची.

"बायकोने यादी दिलीय," दोमोतो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले.

"पहाटे कुठे बाहेर गेला होतात?"

"त्या चिखलात? पहाटेपासून बर्फ-पाऊस पडत होता. मला वेड लागलंय का?"

बाहेर येताना कुगा पुढच्या दाराशी थबकला. तिथे पाहुण्यांसाठी हॉटेलच्या करड्या छत्र्यांची रांग टांगलेली असायची. प्रत्येक खुंटीला एक छत्री. आज एक खुंटी मोकळी होती.

दोमोतो बाहेर गेले नव्हते. दुसऱ्या पाहुण्या, तोक्योच्या आइझावा-बाई, तर अजून घरातल्या सपाता घालूनच वावरत होत्या. पाऊस पहाटे लागला आणि न्याहारीच्या आधी थांबला. मग छत्री कोण घेऊन गेलं?

"चिनात्सु, तुझी छत्री कुठली?"

"माझी माझी आहे काका, प्लास्टिकची. मागच्या दारात वाळत घातलीय." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हालासुद्धा वाटतंय का?"

"छे! भलतंच काय बोलतेस!"

पण ते बोलायच्या आधी त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली होती, आणि ती तिला दिसली होती. तिने काही न बोलता पिशवी त्याच्यापुढे उलटी केली. रुमाल, डबा, घराची किल्ली. कुगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३

खरा घाव आइझावा-बाईंनी घातला, आणि तोही अगदी सरळ मनाने.

त्या तोक्योच्या शाळेत शिकवायच्या. त्यांची खोली पुढच्या दाराच्या बरोबर वर होती. "मला खरं तर सांगावंसं वाटत नाही," त्या शोगो आणि कुगाला म्हणाल्या. "त्या मुलीने माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, मी न सांगता. पण ऐकलंय ते ऐकलंय. पहाटे अजून अंधार होता. खाली दार सरकलं आणि कुणीतरी आलं."

"आलं?" शोगो पुढे सरकला. "दिसलं?"

"दिसलं नाही. पण तुमच्या आईंचा आवाज मी ओळखते. त्या दारात म्हणाल्या, 'सुप्रभात! आलात? या.' मग दार लागलं. मला वाटलं, कामाची मुलगी लवकर आलेली दिसतेय."

शोगोने कुगाकडे पाहिलं. चिनात्सु सकाळपासून सांगत होती की ती उजाडल्यावर आली, मागच्या दाराने आली, रोजच्यासारखी.

साए-बाई खाली दिवाणखान्यात राजाची टोपी उगाचच सारखी करत बसल्या होत्या. "मी कुणाशी बोलले नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "झोपले होते."

"आई, या बाई कशाला खोटं सांगतील?"

"स्वप्न पडलं असेल त्यांना. आमच्या गाद्या मऊ आहेत ना, झोप फार गाढ लागते."

शोगोने कुगाला बाजूला घेतलं. "वय झालंय हो तिचं. अर्धवट झोपेत दार उघडलं, पोरीला आत घेतलं, अडसर लावला आणि विसरली. पोरीने डाव साधला, मागच्या दाराने माल पोचवून आली आणि उजाडल्यावर साळसूदपणे पुन्हा हजर! छत्रीचंही कोडं सुटलं. बापाचं रक्त, कुगा-सान. दुसरं काय?"

"बापाचं नाव काढू नकोस," कुगा गुरकावला. पण हिशोब जुळत होता, हेच तर भयंकर होतं.

शोगोने चिनात्सुला तिथल्या तिथे किल्ली ठेवायला लावली. तिने ती ठेवली. ती रडली नाही. "मी घेतली नाही," एवढंच म्हणाली. "मागच्या खेपेला लोकांनी मला विचारलंच नव्हतं, वडील चोर आहेत म्हणजे मीही असणार, असं धरूनच चालले होते. या वेळी निदान मी बोलले." मग तिने एप्रन काढून त्याची नीट घडी घातली.

साए-बाई दारापर्यंत आल्या. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. रोज संध्याकाळी म्हणायच्या तेच शेवटी म्हणाल्या, "दमलीस गं. जा हळू."

पण भरदुपार होती, आणि पोर दमून नाही, चोर ठरून चालली होती.

"माझ्या घरी जाऊन बस," कुगा तिच्या कानाशी म्हणाला. "किल्ली कुंडीखाली आहे. कुठे जाऊ नकोस."

थोड्या वेळाने शोगोही निघाला. गल्लीच्या मंडळाची बैठक होती. सकाळपासून तो आईवर दोनदा खेकसला होता, तरी साए-बाई हात पुसत उंबऱ्याशी आल्या आणि त्याच्या पाठीवर त्यांनी आपले रोजचे दोन शब्द टाकले, "ओहायो ओकाएरी." शोगोने मागे न बघता हात हलवला.

कुगा खिडकीशी उभा राहून बोटं मोडत होता. बाहेर पर्यटकांच्या बॅगांची चाकं दगडांवर खडखडत होती. काहीतरी त्याच्या कानांवरून घसरून गेलं होतं, पण काय, ते हाती लागत नव्हतं.

४

त्याने स्वतःशीच वाद घातला.

चोर राणी घेतो आणि राजा ठेवतो? व्यापारी जोडी घेईल. एकटी राणी विकायला जाणारा मूर्ख. शिवाय बाहुल्यांच्या पायऱ्यांमागे त्याला एक गोष्ट सापडली होती: पातळ, मऊ कागदाचा फाटका कोपरा. बाहुली पेटीत ठेवताना तिच्या चेहऱ्याला खरचटू नये म्हणून गुंडाळतात तो कागद. चोराला एवढी माया कुठली?

आणि पेटी? राणीची लाकडी पेटी कुठे होती?

तो माडीवर गेला. बाहुल्यांच्या पेट्या साए-बाईंच्या निजायच्या खोलीमागच्या कोठीत असत. सगळ्या रचलेल्या होत्या. राजाची होती. राणीची नव्हती.

म्हणजे चोर म्हातारीच्या उशाशेजारून गेला आणि पेटी घेऊन आला? आणि म्हातारी, जी मांजर चाललं तरी जागी होते, ती झोपली होती?

कुगा धावतच आइझावा-बाईंच्या खोलीकडे गेला. त्या बॅग भरून निघायच्या बेतात होत्या.

"बाई, एकच. पहाटे साए-बाई काय म्हणाल्या ते पुन्हा सांगा."

"सांगितलं की. सुप्रभात, आलात, या."

"तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या शब्दांत. त्यांनी जसं म्हटलं तसं, त्याच चालीवर. शाळेत पोरांची नक्कल करत असाल ना, तशी करा."

बाई जरा लाजल्या. मग त्यांनी मान किंचित वाकवली आणि म्हाताऱ्या, गोड, लांबवलेल्या स्वरात म्हटलं, "ओहायो ओकाएरी."

कुगाचा गुडघा हलायचा थांबला.

५

शोगो बैठकीहून परतला तो हातात फोन घेऊनच. "संध्याकाळ झाली, कुगा-सान."

"फोन ठेव. बस. आइझावा-बाई, तुम्हीही थांबा. दोमोतो-सान, तुम्ही थांबलात तरी चालेल, पण हळू." कुगाने चिनात्सुला बोलावून आणलं होतं. ती दाराजवळ, परक्यासारखी, चपला ठेवायच्या दगडाशी उभी होती. साए-बाई बाहुल्यांपाशी बसल्या होत्या.

"छत्रीपासून सुरू करतो," कुगा म्हणाला. "पावसातून घरात येणारा माणूस छत्री घेऊन येतो. छत्री घेऊन जातो तो बाहेर जाणारा. कागदाचा कोपरा सांगतो की राणी घाईत उचललेली नाही, निगुतीने बांधलीय. पेटी सांगते की बांधणारं माणूस कोठीत हक्काने जाणारं होतं. आणि अडसर आतून होता. म्हणजे एक माणूस बाहेर गेलं आणि मागे दार लावून घेणारं दुसरं माणूस घरातलंच होतं."

"पण बाईंनी कुणी आल्याचं ऐकलंय!" शोगो उसळला.

"काय ऐकलं ते त्यांनाच म्हणू दे."

आइझावा-बाईंनी पुन्हा ते दोन शब्द उच्चारले, आणि शोगोचा चेहरा बघता बघता उतरला.

"आमच्या तोक्योत," त्या गोंधळून म्हणाल्या, "ओहायो म्हणजे सकाळचा नमस्कार. आणि ओकाएरी परत आलेल्यालाच म्हणतात. चुकलं का माझं?"

"तोक्योत नाही चुकलं," कुगा म्हणाला. "इथे चुकलं. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ओहायो म्हणजे लवकर, आणि दोन्ही मिळून, लवकर परत ये. हे शब्द येणाऱ्याला नाहीत, जाणाऱ्याला आहेत. सकाळी, दुपारी, केव्हाही. आज दुपारी शोगो निघाला तेव्हा माझ्यादेखत म्हणाल्या, आणि मी गाढवासारखा उभा होतो."

मराठी माणूस घरातून निघताना 'येतो' म्हणतो, आणि परक्याने ऐकलं तर तो दाराकडे बघत बसेल, कोण आलं म्हणून. बाईंचं नेमकं तेच झालं होतं.

"शोगो, तुझी आई हे शब्द कुणाला म्हणते?"

शोगोने आईकडे पाहिलं. "घरच्यांना. फक्त घरच्यांना. पाहुण्याला नाही, नोकरालाही नाही."

"आज पहाटे तू झोपला होतास. मग या घरचं आणखी कोण उरलं?"

सगळ्यांच्या नजरा साए-बाईंकडे वळल्या.

"मिनाए," साए-बाई शेवटी म्हणाल्या.

मिनाए म्हणजे शोगोची धाकटी बहीण. बाप गेल्यावर शोगोने राहत्या घराचं हॉटेल केलं, तेव्हा ती तोंडावर म्हणाली होती, आईच्या घराचं दुकान केलंस. शोगोनेही म्हटलं होतं, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नकोस. ती डोंगरापलीकडे ओत्सुला राहायला गेली ती गेलीच.

"तिला मुलगी झालीय, शोगो. उद्या पोरीचा पहिला सण," साए-बाई म्हणाल्या. "पहिल्या सणाला बाहुल्या आजोळहून जातात. माझ्या आईने मला दिल्या, मी मिनाएसाठी मांडल्या. तू त्या गिऱ्हाइकांना दाखवतोस. मागितल्या असत्या तर दिल्या असत्यास?"

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू जाऊन परत आणल्या असत्यास. मग ती मेलेलं तोंडसुद्धा बघायला आली नसती माझं. म्हटलं, एक राणी. सण झाला की गुपचूप परत येईल. सगळे निजल्यावर तिला बोलावलं, पहाटे अंधारातच पाठवलं." त्या थांबल्या. "वाटलं, चोर सापडणार नाही आणि विषय संपेल. या पोरीवर येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावरही मी गप्प बसले. दिवसभर गप्प बसले."

त्या उठल्या, दाराशी गेल्या, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने चिनात्सुपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

"आजी, नका, उठा!" चिनात्सु खाली वाकली. "मला राग आलाय. खूप आलाय. पण असं नका करू."

"येऊ दे राग," साए-बाई जमिनीकडे बघतच म्हणाल्या. "आलाच पाहिजे."

शोगो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तो माडीवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात राजाची पेटी होती. त्याने पायऱ्यांवरून राजा उचलला, त्याच्या चेहऱ्याला कागद गुंडाळला. नीट जमेना, कागद दोनदा फाटला. शेवटी आईनेच तो हातातून घेतला.

"एकटी कशी बसेल ती उद्या," शोगो पुटपुटला. त्याने पेटीला कापड बांधलं आणि ती चिनात्सुसमोर धरली. "मी गेलो तर दारातच भांडण होईल. तू जाशील? ओत्सुची गाडी इथून जवळच मिळते."

"मी?" ती मागे सरली. "दुपारी तुम्ही माझी किल्ली काढून घेतलीत."

"हो." त्याने खिशातून किल्ली काढून पेटीवर ठेवली आणि कमरेतून वाकला. "बापाचं रक्त म्हणालो मी. तुझ्या मागे म्हणालो. माफ कर. नाही म्हणालीस तरी मला काही बोलायला तोंड नाही."

चिनात्सुने लगेच हात पुढे केला नाही. कुगाचा गुडघा पुन्हा हलायला लागला. मग तिने किल्ली उचलली, खिशात टाकली, आणि या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मिनाएला सांग," शोगो म्हणाला, "सण झाला तरी परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. पोरीला घेऊन."

"आणि माझी छत्री," साए-बाई म्हणाल्या. "ती विसरभोळी आहे."

दोमोतोंनी मोठ्याने नाक शिंकरलं. चिनात्सुने बूट चढवले, जाळीचं दार सरकवलं. बाहेर पुन्हा बारीक बर्फ भुरभुरत होता. कुगाने खुंटीवरची एक छत्री काढून तिच्या डोक्यावर धरली; गाडीपर्यंत तो सोबत जाणार होता. साए-बाई उंबऱ्याशी आल्या. दुपारसारखंच त्यांचं तोंड उघडलं, पण आता मिटलं नाही.

"ओहायो ओकाएरी, चिनात्सु."

पोरीच्या डोळ्यांतून दिवसभर न आलेलं पाणी एकदम आलं. हात पेटीला गुंतलेले, पुसायचीही सोय नाही.

"जाऊन येते," ती म्हणाली, आणि उताराला लागली.